बाकीचे चौदा

जबलपूरच्या पूर्व अंगाला असलेल्या खमरियात धडाम आवाज ही रोजचीच गोष्ट. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, इथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. जवळच लाँग प्रूफ रेंज आहे, तिथे तोफांची आणि गोळ्यांची परीक्षा होते. त्यामुळे खिडकीची तावदानं थरथरली तरी ईस्टलँड-वेस्टलँड वसाहतींच्या क्वार्टरांमध्ये कुणी हातातला कप खाली ठेवत नाही. कुठला आवाज चाचणीचा आणि कुठला नव्हे, हे कान ओळखतात. २२ ऑक्टोबर २०२४ चा आवाज चाचणीचा नव्हता. कारखान्यात स्फोट झाला होता. दोन कामगार गेले, अनेक जखमी झाले. तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ ला, भंडाऱ्याच्या जवाहरनगरातल्या कारखान्यात त्याहून मोठा स्फोट झाला आणि आठ जण गेले.

या बातम्यांवरून खमरियातल्या एका मराठी घरात जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. एका बाजूला कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले मामा. दुसऱ्या बाजूला नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी, सुट्टीत आजोळी येणारी त्यांची भाची. नावांची इथे गरज नाही. दोघांचीही मतं अशी आहेत की ती कुठल्याही घरात सापडतील. फरक इतकाच, की या घरात त्यांना पुरावे मिळतात.

मामांचं पहिलं वाक्य होतं, ‘कुणाचा तरी हात चुकला असणार.’

‘मामा, चौकशी अजून बसायची आहे. तुम्हाला कसं कळलं?’

‘सगळी जिंदगी त्या गेटातून आत-बाहेर केली. कसं कळणार नाही? नियम चोख असतात, माणूस गाफील असतो. चांगला कारागीर असला की काही होत नाही.’

भाचीला नेमकं इथेच बोट ठेवायचं होतं. व्हिएन्नात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ साली मांडलं, की कारणं शोधणं हा केवळ शास्त्रज्ञांचा उद्योग नाही. साधा माणूसही दिवसभर तेच करतो. आणि शोधताना तो मुख्यतः दोनच ठिकाणी पाहतो. कारण त्या माणसाच्या आत आहे, की त्याच्या भोवतीच्या परिस्थितीत? दुसऱ्याच्या वागण्याबद्दल बोलताना आपण फार लवकर ‘आत’ बोट दाखवतो. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना फिडेल कास्त्रोच्या बाजूने लिहिलेले निबंध वाचायला दिले. निबंध लिहिणाऱ्याला कुठली बाजू घ्यायची हे वरून सांगितलेलं होतं, हेही वाचकांना स्पष्ट सांगितलं. तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं, की लिहिणारा मनातून थोडाफार कास्त्रोवालाच असणार. ली रॉस यांनी पुढे १९७७ साली या खोडीला मूलभूत गुणारोपण दोष असं भारदस्त नाव दिलं.

मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘हे अमेरिकेतल्या पोरांचं झालं. आपल्याकडच्या लोकांना विचारलं होतं का कुणी?’

विचारलं होतं, आणि उत्तर मामांना आवडण्यासारखं निघालं. जोन मिलर या संशोधिकेने १९८४ साली शिकागोतल्या अमेरिकनांची आणि म्हैसूरच्या हिंदूंची तुलना प्रसिद्ध केली. तिच्या अभ्यासातला एक प्रसंग खूप गाजला: एक वकील मोटारसायकलवरून कामावर निघालेला असतो, मागे बसलेला माणूस अपघातात पडून जखमी होतो, वकील त्याला दवाखान्यात सोडून कोर्टात निघून जातो. का? अमेरिकनांचा सूर असा, की वकीलच बेजबाबदार. म्हैसूरकरांचा सूर असा, की कोर्टात त्याचा अशील खोळंबला असेल, शिवाय जखमी माणूस वरून तितका गंभीर दिसत नसेल. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या लहान मुलांत हा फरक जवळपास नव्हता. वय वाढत गेलं तसा तो रुंदावत गेला.

‘म्हणजे मी अमेरिकन झालो की काय?’ मामा हसले.

‘झालात थोडे. फॅक्टरीने केलं,’ भाची म्हणाली. ‘प्रत्येक चुकीवर कुणाची तरी सही लागते तिथे.’

हे उत्तर चटपटीत होतं, पण पुरेसं नव्हतं. कारण ज्या कारखान्याने मामांना ‘माणूसच चुकतो’ हे शिकवलं असं भाची म्हणत होती, त्या कारखान्याची रचना पाहिली तर ती अगदी उलटं बोलते.

स्फोटकं हाताळली जातात त्या इमारतींना तिथली माणसं डेंजर बिल्डिंग म्हणतात, आणि तिथे काम करणारा तो डीबीडब्ल्यू. मामांना या इमारतींबद्दल बोलायला लावलं की ते खुलतात. शिरण्याआधी आगपेटी, विडी, मोबाइल, सगळं बाहेर. अंगावर सुती कपडे, पायात ठिणगी न उडवणारे, खिळे नसलेले बूट. हत्यारं लोखंडी नकोत. दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगात साठलेली वीज उतरते. एका इमारतीपासून दुसरी किती लांब असावी हे आतल्या दारूच्या वजनावरून ठरतं, आणि भोवती मातीचे बांध घातलेले असतात. दारावर पाटी असते. तिच्यावर दोन आकडे: आत जास्तीत जास्त किती स्फोटक, आणि जास्तीत जास्त किती माणसं. दुसऱ्या आकड्याला मॅन लिमिट म्हणतात.

भाचीने विचारलं, ‘हा आकडा कशासाठी?’

‘गर्दी नको म्हणून.’

‘आणि काही झालंच तर?’

मामा क्षणभर थांबले. ‘झालंच तर तेवढेच जावेत म्हणून.’

‘मग बघा ना. हा मातीचा बांध, हे अंतर, हा आकडा, यातला प्रत्येक नियम असं धरून चालतो की आतला माणूस कधीतरी चुकणारच, किंवा तो न चुकताही काहीतरी बिघडणारच. तुमचा बांध घालणारा इंजिनिअर माणसाच्या चांगुलपणावर एक पैसा लावायला तयार नव्हता. आणि तुम्ही म्हणता चांगला कारागीर असला की काही होत नाही!’

या ठिकाणी भाची जिंकली, असं म्हणायला हरकत नाही. घरात, चहाच्या टपरीवर, चौकशी समितीच्या बाहेर आपण माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतो. पण जिथे जीव खरोखर पणाला लागलेला असतो तिथे बांधकाम मात्र परिस्थिती सांभाळण्याचं करतो. सामाजिक मानसशास्त्राचं एखादं पाठ्यपुस्तक हरवलं तरी चालेल. त्यातला बराचसा आशय डेंजर बिल्डिंगच्या नकाशात आहे.

मामा मात्र हार मानणारे नव्हते. ‘पाटी कुणाला अडवत नाही गं,’ ते म्हणाले. ‘पाटीवर चार लिहिलंय आणि आत चार जण आहेत. बाहेरून बडे साहेब आले, बरोबर दोन पाहुणे. तेव्हा दारातला कुणीतरी म्हणायला लागतो, साहेब, आधी दोघं बाहेर येतील, मग तुम्ही आत. तो कोण म्हणतो? सगळे म्हणत नाहीत. एखादाच म्हणतो. तो एखादा तुझ्या पुस्तकात कुठे आहे?’

हा प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्याकडे परत यावंच लागेल, कारण भाचीने त्या दिवशी त्याचं उत्तर टाळलं आणि गाडी हॉथॉर्नकडे वळवली.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले जातात. त्यातला दिव्यांच्या उजेडाचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. मामांना रस वाटला तो शेवटच्या, कमी गाजलेल्या भागात. १९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या यंत्रांची जोडणी करणाऱ्या चौदा कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्यावर नुसती नजर ठेवली. जास्त काम केलं तर पैसे जास्त, अशी पद्धत होती. तरी त्या खोलीत दिवसाचं एक ‘योग्य’ काम ठरून गेलेलं होतं. त्याहून जास्त हात चालवणारा टोमणे खायचा, दंडावर बुक्काही खायचा. फार कमी करणाराही डोळ्यांत खुपायचा. आणि साहेबाला आपल्यापैकी कुणाबद्दल काही सांगणारा तर सगळ्यात वाईट.

पीसवर्कवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘यासाठी शिकागोला कशाला जायचं,’ एवढंच मामा म्हणाले. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं म्हणून संभाषण मंदावलं. एकमत झालं की वाद रुचकर राहत नाही.

त्याला पुन्हा फोडणी मिळाली ती २०२१ च्या आठवणीने.

त्या वर्षी १६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्याचा निर्णय घेतला. कामगार संघटना संपावर जाण्याच्या तयारीत होत्या. ३० जूनला संपबंदीचा अध्यादेश आला. १ ऑक्टोबरपासून कंपन्या अस्तित्वात आल्या आणि १५ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला, पंतप्रधानांनी त्या राष्ट्राला अर्पण केल्या. जबलपुरात याचा अर्थ काय झाला? तोवर गन कॅरेज फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी आणि खमरिया हे सगळे ‘ऑर्डनन्सवाले’. एका सकाळी खमरियाचं मुख्यालय पुण्यात गेलं, म्युनिशन्स इंडियाकडे, गन कॅरेजचं कानपूरला, व्हेइकलचं चेन्नईला. एकाच घरात बाप खमरियात आणि मुलगा व्हेइकलमध्ये असेल तर दोघे आता वेगवेगळ्या कंपन्यांत.

भाचीला इथे हेन्री ताजफेल आठवणं अपरिहार्य होतं. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू तरुण दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढला, जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला आणि परतला तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. माणसं माणसांना ‘आपले’ आणि ‘परके’ कशी ठरवतात, हा प्रश्न त्याच्या बाबतीत पुस्तकी नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना त्याने निरर्थक कारणांवरून दोन गटांत विभागलं. उदाहरणार्थ, तुला क्लेची चित्रं आवडली, तुला कँडिन्स्कीची. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे समजण्यासारखं आहे. पण त्यांनी त्याहून अजब गोष्ट केली: आपल्या गटाला एकूण थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असे पर्याय बऱ्याचदा निवडले.

‘आता बघा तुम्ही,’ भाची म्हणाली. ‘पुढच्या दहा वर्षांत कुठल्या कंपनीला किती ऑर्डर मिळाली यावरून खमरिया आणि व्हेइकलवाले एकमेकांना टोमणे मारतील.’

‘ते आधीही मारायचे. क्रिकेटच्या मॅचला यायला हवं होतंस,’ मामा म्हणाले. ‘मॅच संपली की सगळे एकाच भंडाऱ्याला पंगतीत बसायचे. तुझ्या त्या पोरांना एकमेकांची तोंडंही माहीत नव्हती. इथे साडू-मेव्हणे आहेत.’

हा मुद्दा साधा दिसतो, पण ताजफेलच्या प्रयोगावरचा हा जुनाच आणि वजनदार आक्षेप आहे. खऱ्या आयुष्यात माणूस एकाच गटात नसतो. खमरियातला मराठी कामगार एकाच वेळी जबलपूरवाला असतो, डीबीडब्ल्यू असतो, या नाहीतर त्या युनियनचा असतो, गोलबाजारच्या दत्तमंदिरात भेटणाऱ्या मराठी मंडळींपैकी असतो, आणि नागपूर-अमरावतीच्या सोयऱ्यांना तो ‘एम.पी.वाला’ असतो. प्रयोगशाळेत यातल्या सगळ्या ओळखी पुसून एकच उरवावी लागते. ती उरवली की मुलं तसं वागतात, हे खरं. पण ती कोण आणि कधी उरवतं, हा प्रश्न प्रयोगाबाहेरचा, राजकारणाचा आहे.

२०२१ च्या त्या महिन्यांत वसाहतीत अफवांना ऊत आला होता, असं मामा सांगतात. पेन्शन जाणार, क्वार्टर रिकामे करायला लावणार, फॅक्टरी विकली जाणार. मामांच्या मते अफवा पसरवणारे लोक ठरलेले असतात: रिकामटेकडे आणि कानफुके. भाचीला मान्य नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ सालीच सांगून ठेवलं आहे, की अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो. विषय माणसाला किती महत्त्वाचा, आणि त्याबद्दलची माहिती किती धूसर. गुणाकार म्हणण्यात मेख आहे: दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवा शून्य. ज्याच्या पेन्शनचा प्रश्न आहे आणि ज्याला कुणी धड काही सांगत नाही, तो कितीही सज्जन असला तरी कान टवकारणारच.

आणि इथून संभाषण अशा जागी गेलं, जिथे भाचीला खमरिया आणि तिचं शास्त्र यांच्यातला खराखुरा धागा दिसला.

२२ मे १९९७. पहाटे चारनंतर जबलपूर हादरलं. भूकंपाची तीव्रता सहाच्या जवळपास होती. कोसमघाटसारख्या खेड्यांत घरं जमीनदोस्त झाली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. मामा सांगतात, की डोळे उघडले तेव्हा मनात पहिला विचार भूकंपाचा आलाच नाही. वाटलं, फॅक्टरी उडाली. अंगणात येऊन आकाशाकडे पाहिलं, धूर दिसला नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला. क्वार्टरच्या भिंतीला भेगा होत्या, पण क्वार्टर उभं होतं. मग कितीतरी रात्री लोक मोकळ्या मैदानात खाटा टाकून झोपले. रोज नवी बातमी: आज रात्री दोनला मोठा धक्का येणार, नर्मदेत गरम पाणी निघालं, अमुक साधूने तारीख सांगितली. किल्लारीच्या भूकंपाला चार वर्षंही झाली नव्हती. महाराष्ट्रात नातेवाईक असलेल्या प्रत्येक घराला ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट पाठ होती.

‘मला एक कधी कळलं नाही,’ मामा म्हणाले. ‘घाबरलेल्या माणसाला धीर देणारी अफवा पसरायला पाहिजे ना? आता काही होणार नाही, अशी. पण पसरली ती आणखी घाबरवणारी. मूर्खपणा नाही तर काय?’

भाचीने खुर्ची पुढे ओढली. कारण नेमक्या याच कोड्याने अमेरिकेतल्या एका माणसाला सामाजिक मानसशास्त्रातला कदाचित सर्वांत गाजलेला सिद्धान्त दिला, आणि त्याचं बी बिहारमधलं आहे.

१५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळला महाभयंकर भूकंपाने गदागदा हलवलं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीत त्यांवर लेख लिहिला. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अमुक तारखांच्या दरम्यान पाटण्यावर वादळ येणार, २६ फेब्रुवारीला प्रलय. धक्का जोराचा जाणवला पण पडझड फारशी दिसली नाही, अशा भागांतही या अफवांचं पीक आलेलं होतं. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० च्या दार्जिलिंगमधल्या दरडींचा अभ्यास केला, तो १९५२ साली छापून आला. तिथे विध्वंस लोकांच्या डोळ्यांसमोर होता, माणसं दगावली होती. तिथे मात्र ‘अजून भयंकर काही येणार’ अशा अफवा तशा पसरल्याच नव्हत्या.

संदेशवहनावरचं संशोधन एकत्र करण्याच्या कामात लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती प्रसादांचा लेख पडला आणि मामांना पडला तोच प्रश्न त्यांना पडला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. समजा, या अफवा माणसाला घाबरवत नसतील? समजा, माणूस आधीच घाबरलेला आहे, छाती धडधडते आहे, आणि भोवती पाहिलं तर घाबरण्यासारखं काही दिसत नाही. भीती आहे, पण कारण नाही, हे मनाला सोसत नाही. मग भीतीला शोभेल एवढं मोठं कारण मन शोधतं. दार्जिलिंगच्या माणसाला ते शोधावं लागत नव्हतं. यातून फेस्टिंगरांनी १९५७ च्या पुस्तकात बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त मांडला: मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी पटेनाशा झाल्या की अस्वस्थता येते, आणि ती घालवण्यासाठी माणूस जे बदलायला सोपं तेच बदलतो. पुष्कळदा ते सत्य असतं.

प्रसाद आणि सिन्हा ही नावं मराठी पाठ्यपुस्तकांत शोधायला गेलं तर फेस्टिंगरांच्या सावलीतच सापडतील, तीही नशीब असेल तर.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आमची क्वार्टरं उभी होती. कोसमघाटची पडली. मग तुझ्या हिशोबाने कोसमघाटात अफवा कमी असायला हव्या होत्या.’

‘हो. तीच तर तपासायची गोष्ट आहे.’

‘तिथे कमी असल्या तर त्याचं कारण हेही असेल, की तिथल्या लोकांना अफवा करायला फुरसत नव्हती. मढी उचलत होते.’

भाचीने हे वहीत लिहून घेतलं. आक्षेप चांगला आहे. एका जागी अफवा आहेत आणि दुसऱ्या जागी नाहीत एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मामांनी दोन वाक्यांत सांगितलं.

बिहारच्या त्याच भूकंपाची आणखी एक बाजू आहे. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली दैवी शिक्षा, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. रवींद्रनाथ ठाकूर व्यथित झाले. निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवण्याने अंधश्रद्धेलाच बळ मिळतं, असा त्यांचा निषेध गांधीजींनी स्वतःच्याच ‘हरिजन’मध्ये फेब्रुवारी १९३४ मध्ये छापला आणि त्याला उत्तरही दिलं. पुढे साठच्या दशकात मेल्विन लर्नर यांनी दाखवलं, की जगात न्याय आहे हा विश्वास टिकवण्यासाठी माणसं विनाकारण सोसणाऱ्यालाच दोषी ठरवू लागतात. गांधीजींना हा सिद्धान्त सरळ लावता येत नाही, कारण ते स्वतःला आणि सवर्णांना दोष देत होते, मेलेल्यांना नव्हे. पण दुःखाला कारण हवंच, आणि ते दुःखाएवढं मोठं हवं, ही ओढ दोन्हीकडे एकच आहे. ‘कुणाचा तरी हात चुकला असणार’ या वाक्यातही ती आहे, असं भाचीचं म्हणणं. मामांना ते लागलं. त्यांनी विषय बदलला, आणि बदलताना चांगला नेम साधला.

‘तुझे हे सगळे प्रयोग खरे आहेत ना पण? मोबाइलवर वाचलं, अर्धे खोटे निघाले.’

खोटे नव्हे, पण पुन्हा करून पाहिले तेव्हा बरेच उभे राहिले नाहीत, हे भाचीला कबूल करावं लागलं. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास नव्याने केले गेले तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त अभ्यासांत तसाच निकाल आला. सामाजिक मानसशास्त्राचा वाटा तर चौथ्या हिश्श्याजवळ अडकला. फेस्टिंगरांच्या सिद्धान्तावरचा एक नेहमीचा प्रयोग, मनाविरुद्ध निबंध लिहायला लावण्याचा, २०२४ मध्ये एकोणचाळीस प्रयोगशाळांनी मिळून तपासला. स्वखुशीने लिहिणाऱ्यांचं मत सक्तीने लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त बदलतं, ही मुख्य अपेक्षा पुरी झाली नाही. त्याआधीच, २०१० साली, जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मामांचीच तक्रार शास्त्रीय भाषेत मांडली होती: श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजच्या मुलांवरून मानवजातीबद्दल बोलणं थांबवा.

‘मग तू शिकवतेस काय?’

‘हेच. की आम्ही स्वतःचं तपासलं आणि छापलं.’

बचाव म्हणून हे ठीक आहे, पण थोडं ऐटीतलं आहे. तपासणी झाली ती पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकं भरून झाल्यावर. स्फोटकांच्या कारखान्यात इतका उशीर परवडला नसता.

शेवटी गाडी दारातल्या त्या एकट्या माणसावर आली, कारण मामा त्याला विसरले नव्हते. भाचीने स्टॅन्ली मिलग्राम यांचा प्रयोग काढला. १९६१-६२, येल विद्यापीठ. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून आलेले साधे नागरिक. मोबदला चार डॉलर आणि प्रवासखर्चाचे पन्नास सेंट. समोर स्विचांची रांग, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की एक स्विच वर जायचं. पलीकडचा माणूस सोंग करत होता, शॉक खोटा होता, पण स्विच दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. राखाडी कोटातला साहेब फक्त म्हणायचा, पुढे चला. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या स्विचपर्यंत गेले.

‘बाकीचे चौदा?’

‘थांबले. पण ३०० व्होल्टच्या आधी एकही नाही.’

‘थांबले ना? मग ते चौदा कोण होते, हे सांग. सव्वीस जणांचं मला काय कौतुक? साहेबाचं ऐकणारे मी रोज पाहिलेत. आम्हाला कामाला हवेत ते चौदा.’

भाचीकडे चौदांच्या स्वभावाबद्दल ठाम सांगण्यासारखं फार थोडं होतं. तिच्याकडे होता तो त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार. त्यात स्विचांपाशी तिघांना एकत्र बसवलं. एक जण १५० व्होल्टला उठला, म्हणाला, मी नाही करणार. दुसरा २१० ला उठला. राहिला तिसरा, खरा. अशा चाळीस जणांपैकी शेवटपर्यंत गेले फक्त चार.

‘म्हणजे माणसं तीच,’ भाची म्हणाली. ‘शेजारी बदलले. तुम्हाला चौदा शूर शोधायची गरज नाही, मामा. एक-दोघं उठले की छत्तीस उठतात.’

‘आणि तो पहिला? तो कुणाकडे बघून उठला?’

‘तो मिलग्रामचाच माणूस. पैसे देऊन बसवलेला. १५० ला उठायचं, एवढंच त्याचं काम.’

मामांना हसू आवरेना. ‘म्हणजे सेफ्टीवाला! अगं, आमच्याकडे त्याची पोस्टच असते. सगळ्यांच्या आधी नाही म्हणण्याचाच पगार घेतो तो.’

‘मग तर झालंच. तुमचा तो दारातला एखादा म्हणजे स्वभाव नाही, नेमणूक आहे.’

‘नेमणूक आहे खरी. पण तुझ्या त्या माणसाला नाही म्हटल्याबद्दल मिलग्राम शाबासकी देत होता. आमच्या सेफ्टीवाल्याचा सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, तोच साहेब लिहिणार, ज्याला त्याने दारात अडवलं.’

भाचीला हे पटलं. सीआर कुणी लिहावा मग? मामांनी उत्तर तयारच ठेवलं होतं: शेजारच्या फॅक्टरीतल्या कुणीतरी. खमरियाच्या सेफ्टीवाल्याचा गन कॅरेजने लिहावा, गन कॅरेजच्याचा व्हेइकलने. भाचीने आठवण करून दिली, की २०२१ पासून शेजारची फॅक्टरी म्हणजे दुसरी कंपनी, तिचं मुख्यालय कानपूरला, आणि ती आपला माणूस दुसऱ्याच्या कागदांवर सही करायला का म्हणून पाठवेल? मामा म्हणाले, नाही कशी पाठवेल, दारू कंपनी बघून फुटत नाही. यावर दोघे जेवायची ताटं वाढली तरी भांडत होते, आणि मामी त्यांच्यापैकी कुणाच्याही बाजूने बोलायला तयार नव्हत्या.